किडलेला, काढलेला, बुजवलेला

दातांच्या डॉक्टरला रेडिओवर बोलायला बोलावलं की ऐकणाऱ्यांची एक ठरलेली अपेक्षा असते. दिवसातून दोनदा दात घासा, गोड कमी खा, सहा महिन्यांनी दाखवून जा. यात खोटं काहीच नाही. तीसेक वर्षं मी हेच सांगत आले. पण आज ते सांगायचं नाही असं ठरवून आले आहे. आज एका चिठ्ठीची गोष्ट सांगायची आहे, आणि तिच्या निमित्तानं थोडा इतिहास.

१९८४ साल असेल. दवाखाना टाकून मला चार-पाच वर्षं झाली होती. गावातले आम्ही काही डॉक्टर मिळून शाळांमधून मुलांची तपासणी करायला जात असू. एकाच आठवड्यात माझ्या वाट्याला दोन शाळा आल्या. एक इंग्रजी माध्यमाची, दुसरी नगरपालिकेची. दोन्ही एकाच रस्त्यावर, मध्ये चालत दहा मिनिटांचं अंतर. दोन्हीकडे मी दुसरीचा वर्ग पाहिला. सात-सात वर्षांच्या मुलांनी आ वासायचा, बॅटरीच्या उजेडात मी बघायचं आणि शेजारी बसलेल्या शिक्षिकेनं लिहून घ्यायचं, असा तो कार्यक्रम.

खरं सांगते, कीड दोन्हीकडे होती. चॉकलेटं खाणारी मुलं पहिल्या शाळेतच जास्त होती, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. पण एक फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता. पहिल्या शाळेत दाढांमध्ये चांदी भरलेली दिसत होती. दुसरीत नुसते खड्डे होते, आणि काही मुलांच्या तोंडात दाढांच्या जागी हिरडीला टेकलेले काळे खुंट.

आमच्या शास्त्रात दात मोजण्याची एक पद्धत आहे. हेन्री क्लाइन आणि कॅरोल पामर या दोन अमेरिकन संशोधकांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस शाळकरी मुलांची तपासणी करताना ती रूढ केली. प्रत्येक मुलाच्या नावापुढे तीन रकाने. किडलेले दात किती, किडीमुळे काढलेले किती आणि बुजवलेले, म्हणजे भरलेले, किती. तिन्हींची बेरीज म्हणजे त्या मुलाच्या वाट्याला आजवर आलेली एकूण कीड. त्या दिवशी घरी आल्यावर मी दोन्ही शाळांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. बेरजेत थोडाच फरक होता. फरक रकान्यांत होता. इंग्रजी शाळेचे आकडे बरेचसे तिसऱ्या रकान्यात, नगरपालिकेच्या शाळेचे जवळजवळ सगळे पहिल्यात. आईबापांची मिळकत वेगळी विचारायची गरजच नव्हती.

तपासणी झाली की प्रत्येक मुलाच्या हाती आम्ही एक छापील चिठ्ठी द्यायचो. आपल्या पाल्याचे दात किडले आहेत, त्वरित दंतवैद्यास दाखवावे. नगरपालिकेच्या शाळेतली एक मुलगी मला अजून आठवते. डाव्या बाजूच्या दाढा इतक्या ठणकायच्या, की ती एकाच बाजूनं चावायची. आठवड्याभरानं तिची आई ती चिठ्ठी घेऊन माझ्या दवाखान्यात आली. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. मला वाटलं, मुलीला दाखवायला आली असेल. ती आली होती चिठ्ठी परत करायला.

"बाई, ह्याचं मी काय करू?" तिनं विचारलं. "दातांचा सरकारी दवाखाना सकाळचाच असतो. सकाळी माझी कामं. खाडा केला की पैसे कापतात. दोन खाडे झाले की दुसरी बाई ठेवतात."

मी म्हटलं, "निदान तिला ती बिस्किटं देणं तरी बंद करा."

"मग सकाळी काय देऊ?" ती म्हणाली. रागानं नव्हे, ती खरोखरच विचारत होती. "मी सहाला बाहेर पडते. चहा आणि पुडा ठेवून जाते. तेवढंच तिचं तिला घेता येतं."

त्या मुलीच्या दाढांचं जे करता येण्यासारखं होतं ते मी संध्याकाळी बोलावून, पैसे न घेता केलं. पण त्या वर्गात तशी तीस मुलं होती आणि गावात तसे कितीतरी वर्ग. त्या बाईच्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दवाखाना बंद केल्यावर आपल्याच व्यवसायाचा इतिहास वाचायला सवड मिळाली. तेव्हा लक्षात आलं, की हे दोन्ही प्रश्न माझ्या गावात नव्यानं उपटलेले नव्हते. तपासलंत, पण पुढे काय? आणि गोड देऊ नको, तर देऊ काय? शंभर वर्षांपूर्वी इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या शाळांपुढे नेमके हेच प्रश्न उभे होते. तिथं त्यांचं काय झालं, ते आपल्याला ऐकण्यासारखं आहे.

आधी किडीविषयी थोडं. 'दात किडला' असं आपण म्हणतो, त्यात एक जुनी समजूत आहे. दातात किडा असतो आणि तो दात पोखरतो, असं जगभर मानलं जाई. बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवरही दातातल्या किड्याचा उल्लेख आहे. आपल्याकडे बाजारात बसून, धुरी देऊन दातातले 'किडे' काढून दाखवणारे लोक असत. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं १७२८ च्या आपल्या ग्रंथात किड्याची ही कल्पना नाकारली. पण खरं कारण नीट उलगडायला १८९० साल उजाडलं. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन संशोधकानं दाखवलं, की तोंडातले जंतू साखर आणि पिठूळ पदार्थ आंबवतात, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते दाताचं कवच विरघळवतं. किती खाल्लं याइतकंच कितीदा खाल्लं हेही महत्त्वाचं, हे पुढे कळत गेलं. जंतू सगळ्यांच्याच तोंडात असतात. साखर मात्र सगळ्यांच्या तोंडात सारखी जात नव्हती.

साखर मूळची आपल्याकडची. 'शर्करा' हा शब्दच अरबांमार्फत युरोपात गेला आणि तिथल्या भाषांत रुजला. पण तिकडे कित्येक शतकं ती मसाल्यांसारखी महाग होती. तेव्हा साखर खाणं हे मोठ्या लोकांचं काम आणि दात काळे पडणं हेही त्यांचंच. पॉल हेंट्झनर नावाचा एक जर्मन प्रवासी १५९८ मध्ये इंग्लंडला गेला होता. त्यानं पहिल्या एलिझाबेथ राणीला जवळून पाहिलं आणि तिचे दात काळे असल्याची नोंद केली. फार साखर खाल्ल्यानं इंग्रजांचे दात असे होतात, असंही त्यानं लिहून ठेवलं. म्हणजे त्या काळी किडके दात ही श्रीमंतीची खूण होती म्हणायला हरकत नाही. शेतमजुराच्या घरी साखर पोचतच नव्हती.

पुढच्या तीनशे वर्षांत हे चित्र पार उलटं झालं. कॅरिबियन बेटांवर आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांच्या श्रमांवर उसाचे मळे उभे राहिले आणि साखर स्वस्त होत गेली. १८०० च्या सुमारास ब्रिटनमध्ये माणशी वर्षाला साधारण आठ किलो साखर लागत होती. १९०० च्या सुमारास ती चाळीस किलोंच्या घरात गेली. मधल्या काळात युरोपात बीटपासून साखर निघू लागली, आणि १८७४ मध्ये ब्रिटिश सरकारनं साखरेवरची जकात पूर्णपणे काढून टाकली. तिथल्या जुन्या दफनभूमींतले सांगाडे तपासणाऱ्या संशोधकांना एकोणिसाव्या शतकातल्या दातांत किडीचं प्रमाण एकदम वाढलेलं आढळतं. सिडनी मिंट्झ या मानववंशशास्त्रज्ञानं साखरेच्या इतिहासावर १९८५ मध्ये एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. गिरणीतल्या कामगाराला साखरेनं काय दिलं, हे त्यात त्यानं उलगडून सांगितलं आहे. गोड चहा आणि जॅम लावलेला पाव हे चूल न पेटवता, वेळ न घालवता, पोट भरल्यासारखं वाटायला लावणारं जेवण होतं. लोण्यापेक्षा जॅम स्वस्त पडे. सकाळी भोंगा वाजला की गिरणीत हजर व्हावं लागणाऱ्या आईला ते परवडत होतं.

आता स्कॉटलंडमधल्या डंडी या शहरात या. आपल्या बंगालचा ताग कलकत्त्याहून जहाजांत भरून या शहरात जाई आणि तिथल्या गिरण्यांत त्याची पोती विणली जात. गिरण्यांत बायकांची संख्या मोठी. अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस गिरणी करणारी मुलंही होती. गंमत अशी, की ताग आणि मुरंबा या दोन्ही गोष्टींसाठी डंडी प्रसिद्ध. संत्र्याचा मार्मालेड बनवणारा मोठा कारखाना तिथलाच. आई कामावर आणि घरात पाव-जॅम, अशा घरांतली मुलं रोज शाळेत येत होती, कारण स्कॉटलंडमध्ये १८७२ च्या कायद्यानं शिक्षण सक्तीचं झालं होतं.

या डंडीत विल्यम मॅकफर्सन फिशर नावाचे एक दंतवैद्य होते. १८८५ मध्ये केंब्रिजला ब्रिटिश दंतवैद्यांच्या संघटनेची सभा भरली, तिथं त्यांनी एक निबंध वाचला. शाळकरी मुलांच्या दातांकडे सक्तीनं लक्ष पुरवावं, हेच त्याचं शीर्षक होतं. मुलांना शाळेत आणायची सक्ती सरकार करू शकतं, तर त्यांच्या दातांकडेही सरकारनंच पाहावं, असा तो विचार. त्या काळच्या मानानं ही मागणी धाडसाची होती. गरिबाच्या पोराचे दात दुखू लागले तर उपाटून टाकायचे, हीच रीत होती. दुधाचे तर पडणारच आहेत, त्यांची काय काळजी करायची, असं म्हणणारे तिथंही होते आणि आपल्याकडे आजही आहेत. ठणकणाऱ्या दाढेमुळे मूल नीट जेवत नाही, रात्री झोपत नाही, वर्गात लक्ष देत नाही, आणि दुधाची दाढ वेळेआधी गेली की खालून येणाऱ्या दाताची जागा बिघडते. हे सांगायला कुणीतरी उभं राहावं लागतं.

फिशर यांच्या निबंधानंतर संघटनेनं एक समिती नेमली. पुढच्या काही वर्षांत तिनं दहा हजारांहून अधिक मुलांचे दात तपासले. सगळे दात धड असलेली मुलं फारच थोडी निघाली. तरी सरकार हललं नाही. ते हललं युद्धामुळे. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध झालं. सैन्यात भरती व्हायला आलेल्या गरीब वस्तीतल्या तरुणांची प्रकृती पाहून अधिकारी हबकले. हजारो सैनिक केवळ दातांपायी निकामी ठरले. शिधा म्हणून मिळणारी टणक बिस्किटंही त्यांना फोडता येईनात. साम्राज्याला शिपाई हवे होते, म्हणून मुलांची प्रकृती हा सरकारी विषय झाला. १९०४ मध्ये एका सरकारी समितीनं अहवाल दिला आणि १९०७ च्या कायद्यानं शाळांमध्ये वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली.

इथं मी वाचता वाचता थांबले. कारण बंधनकारक झाली ती तपासणी. उपचारांची सोय करणं मात्र स्थानिक मंडळींच्या मर्जीवर. म्हणजे डॉक्टरनं यायचं, आ करायला सांगायचं, रकाने भरायचे आणि पालकांना कळवायचं. पुढे काय, ते पालकांनी बघावं. मी १९८४ मध्ये दिलेली चिठ्ठी ती हीच. उपचारांची सोय करणं हे तिथल्या शिक्षण मंडळांचं कर्तव्य ठरायला १९१८ साल उजाडावं लागलं.

पण सगळे काही कायद्याची वाट पाहत बसले नव्हते. स्ट्रासबुर्ग तेव्हा जर्मनीत होतं. तिथं एर्न्स्ट येसेन या दंतवैद्यांनी १९०२ मध्ये शाळकरी मुलांसाठी नगरपालिकेचा दातांचा दवाखाना सुरू केला. केंब्रिजमधले दंतवैद्य जॉर्ज कनिंगहॅम कित्येक वर्षं या प्रश्नाच्या मागे होते. सेडली टेलर या विद्यापीठातल्या गृहस्थांनी पैसे दिले आणि १९०७ मध्ये केंब्रिजला मुलांसाठी तसाच दवाखाना निघाला. लंडनच्या गरीब भागात मार्गारेट मॅकमिलन आणि तिची बहीण रेचल यांनी १९०८ मध्ये बो इथं आणि १९१० मध्ये डेप्टफर्ड इथं शाळेच्या मुलांसाठी दवाखाना उघडला. मार्गारेट काही डॉक्टर नव्हती. मुलांना तपासून घरी पाठवण्यात अर्थ नाही, मुलं जिथं रोज येतात तिथंच इलाज झाला पाहिजे, असा तिचा आग्रह होता. माझ्याकडे आलेल्या त्या आईनं हेच तर विचारलं होतं.

हा आग्रह सर्वांत पुढे नेला न्यूझीलंडनं. पहिल्या महायुद्धात तिथल्याही रंगरुटांच्या दातांची दैना दिसली होती. दंतवैद्य थोडे, त्यांची फी मोठी आणि वस्ती विखुरलेली. तेव्हा थॉमस हंटर या दंतवैद्यांनी सुचवलं, की तरुण मुलींना दोन वर्षं शिक्षण द्यावं आणि शाळेतल्या मुलांचे दात भरायला, काढायला त्यांनाच नेमावं. १९२१ मध्ये वेलिंग्टनला पहिली तुकडी सुरू झाली. व्यवसायातल्या काही जणांनी कुरकूर केली, पण योजना टिकली. शाळांच्या आवारात छोटे दवाखाने झाले, तिथं पायानं चालवायचं ड्रिल घेऊन या नर्सबाई बसत. मुलं त्या खोल्यांना 'मर्डर हाउस' म्हणत. पण शेतमजुराचं मूल आणि सावकाराचं मूल एकाच खुर्चीत बसत होतं, आणि कुणाच्या आईला खाडा करावा लागत नव्हता.

या योजनेतही एक उणीव होती, तीही सांगायला हवी. नर्सबाई दात भरत राहिल्या आणि मुलं गोड खात राहिली. पहिल्या रकान्यातले आकडे तिसऱ्यात गेले, बेरीज कमी होईना. गरज नसताना बरेच दात भरले गेले, असं १९७० च्या दशकात लक्षात आलं आणि पद्धत बदलावी लागली. इलाजाचा प्रश्न सुटला होता, सकाळच्या बिस्किटाचा सुटला नव्हता.

त्या दुसऱ्या प्रश्नाचं एक अनपेक्षित उत्तर दुसऱ्या महायुद्धानं दिलं. जर्मनांनी व्यापलेल्या नॉर्वेत साखर आणि मैदा दुर्मिळ झाला. प्राध्यापक गुटोर्म टोव्हेरुड यांनी तिथल्या शाळकरी मुलांचे दात पाहिले, तर कीड कमी होत गेलेली. युद्ध संपलं, साखर आली आणि कीडही परतली. ब्रिटनमध्येही साखर-गोळ्यांवर रेशन होतं. १९५३ च्या फेब्रुवारीत गोळ्या-चॉकलेटांवरचं रेशन उठलं, तेव्हा दुकानांपुढे मुलांच्या रांगा लागल्या. पण मुलांचे दात सुधारण्यासाठी युद्ध पुकारा, असं काही कुणाला सांगता येत नाही.

मग १९७० च्या दशकात फ्लोराइडची टूथपेस्ट युरोपात घरोघरी आली. फ्लोराइडमुळे दाताचं कवच आम्लाला दाद देत नाही आणि नुकती सुरू झालेली झीज भरूनही निघते. श्रीमंत देशांत मुलांच्या दातांची कीड झपाट्यानं कमी झाली. पण सगळ्यांची सारखी नाही. ज्यांच्या घरी पेस्ट विकत आणणं जड नव्हतं, रात्री मुलाजवळ उभं राहून दात घासून घ्यायला आईबाप मोकळे होते, त्यांच्या मुलांची आधी आणि जास्त. ज्युलियन ट्यूडर हार्ट हे वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावातले डॉक्टर. १९७१ मध्ये त्यांनी लिहून ठेवलं, की चांगले उपचार ज्यांना सर्वांत जास्त हवेत त्यांना ते सर्वांत कमी मिळतात. दातांच्या बाबतीत उपदेशाचंही तसंच होतं. ज्याला तो पाळणं परवडतं त्यालाच तो लागू पडतो. आमची भाषणं, तक्ते, चिठ्ठ्या या सगळ्यांचा फायदा इंग्रजी शाळेतल्या मुलांना अधिक झाला, हे मला आता मान्य करावं लागतं.

आणि आता पुन्हा स्कॉटलंड. २००० च्या आसपास युरोपात मुलांचे दात जिथं फार वाईट होते, अशा प्रदेशांत स्कॉटलंड मोडत असे. २००३ मध्ये तिथं पहिलीत येणाऱ्या शंभर मुलांपैकी सुमारे ४५ मुलांच्याच दातांत उघड कीड नव्हती. तिथल्या सरकारनं काय केलं, तर बालवाडीत दात घासायला सुरुवात केली. रोज, सगळ्या मुलांनी, वर्गात, बाईंच्या देखरेखीखाली. प्रत्येकाचा खुणेचा ब्रश, मटारच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, घासून झालं की थुंकायचं पण चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. घरी न्यायलाही ब्रश आणि पेस्ट फुकट. 'चाइल्डस्माइल' या नावानं २००६ पासून हा कार्यक्रम विस्तारत गेला. गरीब वस्त्यांतल्या शाळांमध्ये वर्षातून दोनदा दातांवर फ्लोराइडचा लेप देण्याचीही त्यात सोय झाली.

२०१८ मध्ये पुन्हा मोजलं, तेव्हा ४५ चे सुमारे ७१ झाले होते. ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी हिशोब मांडला, की बालवाडीत दात घासण्यावर होणाऱ्या खर्चाच्या अडीच पटींहून अधिक पैसा आठव्या वर्षी दातांच्या उपचारांत वाचत होता. दरी मात्र बुजली नाही. २०१८ मध्येच सर्वांत गरीब वस्त्यांत उघड कीड नसलेली मुलं शंभरात ५६ च्या आसपास होती, तर सर्वांत सुखवस्तू वस्त्यांत ८६ च्या आसपास. पण एके काळी साऱ्या देशाची जी सरासरी होती, तिच्याही पुढे तिथली सर्वांत गरीब मुलं गेली. डंडीच्या फिशरसाहेबांनी निबंध वाचला, त्याला तेव्हा १३३ वर्षं झाली होती. २०२५ मध्ये इंग्लंडनंही गरीब भागांतल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी असा कार्यक्रम हाती घेतला.

यात आपलं काय, असं कुणी विचारेल. आपलं राज्य साखरेचं. १९५० मध्ये प्रवरेकाठच्या सहकारी कारखान्यानं गाळप सुरू केलं आणि पुढे खेड्यांचं रूप पालटलं, ते सारं आपल्याला ठाऊक आहे. त्या उसाची तोडणी करायला बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतली कुटुंबं दर हंगामात घर सोडतात. त्यांच्या मुलांसाठी कारखान्यांच्या आसपास 'साखरशाळा' चालवल्या जात. अशा एका शाळेत मी दोनदा तपासणीला गेले होते. आईबाप पहाटेच फडात, आणि मुलांची न्याहारी म्हणजे कोरा गोड चहा आणि बिस्किटाचा पुडा. डंडीतला पाव-जॅम आणि हा पुडा यांत मला फरक दिसत नाही. चूल न पेटवता भूक मारायचा स्वस्त उपाय, दोन्हीकडे तोच.

२००२-०३ मध्ये आपल्या देशात मुखआरोग्याची राष्ट्रीय पाहणी झाली, तेव्हा पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्यांच्या आसपास मुलांचे दात किडलेले आढळले. २०१३ मध्ये 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' सुरू झाला. त्याचा आरंभ आपल्या पालघरलाच झाला होता. अंगणवाड्या आणि शाळांमध्ये जाऊन पथकं मुलांची तपासणी करतात, त्या यादीत किडलेले दातही आहेत आणि पुढच्या उपचारांसाठी मुलांना फुकट पाठवण्याची तरतूदही आहे. हे मोठंच पाऊल आहे. पण कागदावरच्या शिफारशीपासून दवाखान्याच्या खुर्चीपर्यंतची वाट आजही कुणाच्या तरी आईच्या खाड्यावरून जाते. तेवढी वाट तरी शाळेनं आपल्या अंगावर घ्यायला हवी. १९०७ ते १९१८ या अकरा वर्षांत ब्रिटनला हेच शिकावं लागलं.

आणि दात घासणं? आपल्या शाळांत दुपारी खिचडी शिजते, त्याआधी मुलं रांगेनं हात धुतात. त्या रांगेत आणखी पाच मिनिटं घालायची. एक ब्रश, मटारएवढी पेस्ट, आणि बाई किंवा मदतनीस ताई शेजारी उभ्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये फ्लोराइडच्या टूथपेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला आहे, तेव्हा तिच्याकडे चैनीची वस्तू म्हणून पाहायचं कारण उरलेलं नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथं दातांवर डाग पडतात, हाडंही बिघडतात. अशा गावांत आधी पाणी तपासून, तज्ज्ञांना विचारूनच पुढे जावं लागेल. बाकी ठिकाणी अडचण आहे ती पैशाची कमी आणि हे काम शाळेचं मानण्याची जास्त. 'दात घासणं हे घरचं काम, शाळा काय काय करणार?' असं मला कित्येक मुख्याध्यापकांनी ऐकवलं आहे. त्यांचंही खोटं नाही, त्यांच्या डोक्यावर कामं फार असतात. पण जेवण हेही एके काळी घरचंच काम होतं.

त्या दिवशी त्या बाईनं परत केलेली चिठ्ठी मी फाडून टाकली नाही. जुन्या कागदांत ती अजून आहे. मुलीचं नाव, इयत्ता दुसरी, आणि खाली माझी सही. ती मुलगी आता पन्नाशीच्या जवळ आली असेल. कदाचित तिचं नातवंड यंदा अंगणवाडीत जात असेल, आणि त्यालाही कुणीतरी बॅटरी घेऊन आ करायला सांगत असेल. तपासून झाल्यावर त्याच्या हातात आपण काय देणार आहोत, एवढंच मला विचारायचं होतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)